नको म्हटलेलं पान

वेंकूबाईंचं व्रत तसं साधं होतं, पण एकटीनं पाळता येण्यासारखं नव्हतं. बाकीची व्रतं आपल्याला आणि देवाला मिळून उरकता येतात. याला आणखी एक माणूस लागायचा. दुपारी नैवेद्य दाखवून झाला की दारात उभं राहायचं, जो कोणी येईल त्याला पान वाढायचं आणि तो जेवून उठला की मग आपण पानावर बसायचं. आलेल्याला नाव, गाव, कूळ, उद्योग, काही म्हणजे काही विचारायचं नाही. तो सांगेल तेवढं ऐकायचं. कोणीच आलं नाही तर ताक पिऊन गप्प राहायचं. आईनं हे व्रत ओटीत घालून सासरी पाठवलं, असं वेंकूबाई सांगत.

तंजावुरात राजवाड्यामागच्या त्यांच्या गल्लीत एके काळी अतिथींना तोटा नव्हता. सरस्वती महालात पोथ्या बघायला आलेले पंडित, कुंभकोणमहून येणारे नातलग, कॉलेजात शिकणारी भाच्यांची मित्रमंडळी. दोन दोन पंगती उठायच्या. मग घरं रिकामी व्हायला लागली. कोणी चेन्नईला गेलं, कोणी बंगळूरला, कोणी पार अमेरिकेत जाऊन बसलं. जी घरं विकली गेली त्यांच्या जागी लॉज आले, एकाच्या जागी गाड्यांचा तळ झाला. जी विकली गेली नाहीत त्यांना कुलपं लागली. दुपारच्या वेळी गल्लीत आता वाऱ्यानं उडणारी पिशवी तेवढी फिरायची.

"यापुढे तुझं व्रत चालवायचं तर रस्त्यात आडवं पडून टाउन बस थांबवावी लागेल," श्रीनिवासराव म्हणत. वीज कचेरीतून निवृत्त झाल्यापासून बायकोची थट्टा हेच त्यांचं नित्यकर्म होतं.

"थांबवा की. कंडक्टरालाही भूक लागत असेल," वेंकूबाई हळूच म्हणत.

कोपऱ्यावर फुलं विकणाऱ्या शेषम्माला त्यांनी विचारून पाहिलं होतं. ती जन्मभर या मराठी घरांना फुलं घालून घालून मोडकं मराठी बोलायला शिकली होती. ती म्हणाली, "रोज रोज मी आली तर मी अतिथी कसली, बाई? मी बिऱ्हाडकरू झाली. तुमच्या देवाला चालेल, पण मला लाज येते."

असे ताकावरचे दिवस वाढत चालले होते, तेव्हा कार्तिकेय आला.

शेजारचं घर वरुणरावांचं. ते चेन्नईला लेकाकडे राहायला गेले होते, आणि किल्ली वेंकूबाईंकडे ठेवून गेले होते, रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लावावा म्हणून. त्या बंद घराच्या ओट्यावर, तिकडे ज्याला थिण्णै म्हणतात त्यावर, एक दिवस चाळिशीचा एक माणूस येऊन बसला. दाढीत पांढरे केस, पायात झिजलेल्या चपला. सकाळी दुचाकी लावायचा, दिवसभर फोन बघत बसायचा, संध्याकाळी निघून जायचा. दुसऱ्या दिवशीही तसंच.

वेंकूबाईंनी दारातून तमिळमध्ये हाक मारली, "जेवायला येता का?"

त्यानं मागे वळून पाहिलं. हाक आपल्यालाच आहे हे समजायला त्याला जरा वेळ लागला. "मी, अम्मा?"

"तुमच्या मागे भिंत आहे. तिला कशाला बोलावू?"

तो आला. पाय धुतले, केळीच्या पानासमोर मांडी घालून बसला. मान खाली घालून जेवला. आमटीतला कढीपत्ता पानाच्या कडेला नीट ओळीनं लावत गेला. ताकभाताला तिसऱ्यांदा भात मागताना लाजला. हात धुऊन झाल्यावर आपण होऊन म्हणाला, "माझं नाव कार्तिकेय. पूर्वी टेम्पो चालवायचो." एवढंच. पुढचं त्यानं सांगितलं नाही आणि वेंकूबाईंनी विचारलं नाही.

तेव्हापासून तो रोज यायचा. वेंकूबाईंच्या चेहऱ्यावर तेज आलं. श्रीनिवासरावांच्या कपाळावर मात्र आठी.

"अगो, विचार तर एकदा. धडधाकट माणूस दुसऱ्याच्या थिण्णैवर दिवसभर बसतो, त्याचा उद्योग काय म्हणून?"

"पानावर बसलेल्याला उद्योग विचारतात काय?"

"मग पान वाढायच्या आधी विचार."

"आधी विचारलं तर तो अतिथी कसा? उमेदवार झाला."

श्रीनिवासराव हसले आणि विषय तिथेच राहिला. राहायला नको होता. गल्लीत काय चाललंय हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. राजगोपाल नावाचा एक दलाल वर्षभर दारोदार फिरत होता. पांढरा शुभ्र शर्ट, तोंडात साखर. राजवाडा बघायला येणाऱ्या प्रवाशांसाठी इथे मोठं हॉटेल व्हायचं होतं आणि त्याला अख्खी रांग हवी होती. वेंकूबाईंच्या घरीही दोनदा येऊन कॉफी पिऊन गेला. श्रीनिवासराव म्हणाले, "आम्हाला विकायचं नाही." तो म्हणाला, "नका विकू, सर. घाई कुठे आहे?"

त्याला घाई का नव्हती, ते गल्लीच्या टोकाला दिसलं होतं. तिथलं एक बंद घर होतं. एका दुपारी मालकानं पाठवलं म्हणून चार माणसं लॉरी घेऊन आली आणि माळवदाच्या जुन्या सागवानी तुळया काढून घेऊन गेली. जुन्या लाकडाला बाहेर गिऱ्हाईक पुष्कळ. लोकांना वाटलं, मालकानंच विकल्या असतील. पण या गल्लीत दोन घरांमध्ये भिंत एकच असते, आणि दोन्हीकडच्या तुळया तिच्यातच रोवलेल्या असतात. एका बाजूचं लाकूड निघालं तशी भिंत फुगली, पलीकडच्या घराला तडे गेले. पलीकडे राहायची नंदिता, शाळेत शिकवणारी, आणि तिची म्हातारी सासू. मग पालिकेचा कागद आला की राहायला धोकादायक आहे, खाली करा. नंदिता सासूला घेऊन पापनाशमला भावाकडे गेली. मागोमाग दोन्ही घरं राजगोपालनं घेतली, आणि तीही किती स्वस्तात. मालक नंतर शपथेवर सांगत होता की मी कोणाला पाठवलंच नव्हतं. पण तोवर माती सपाट झाली होती.

"असल्या भिंती आपोआप पडते का, बाई?" शेषम्मा तेव्हा म्हणाली होती. वेंकूबाईंनी "देव जाणे" म्हणून हात जोडले होते.

आणि तरीही त्यांनी ते केलं. केलं म्हणजे काय, तर माणसावर विश्वास टाकला. एका संध्याकाळी वरुणरावांच्या घराचं मागचं दार फुगून बसलं होतं, उघडेना. त्यांनी थिण्णैवरून कार्तिकेयला बोलावलं. त्यानं खांदा लावून दार उघडून दिलं. मग मधल्या घरात, म्हणजे माजघरात, उभा राहून वर बघत राहिला.

"चांगलं लाकूड आहे, अम्मा."

"चांगलं म्हणजे? हल्ली असं मिळेल काय?" दिव्यात तेल घालता घालता वेंकूबाई कौतुकानं म्हणाल्या. "ती मधली मोठी तुळई दिसते ना, तिच्यावरच अस्कं, सगळं घर उभं आहे. तिचं टोक आमच्या भिंतीत येतं. आमचे मामंजी म्हणायचे, ही एक काढली तर दोन्ही घरं गुडघे टेकतील."

त्याची नजर तुळईवरून सरकत भिंतीपर्यंत गेली. 

घरी येऊन त्यांनी हे सहज सांगितलं. श्रीनिवासरावांनी चष्मा काढला. "खाल्ल्या घरचे वासे मोजतात ते ऐकलं होतं. मोजून देणारी यजमानीण आजच पाहिली."

"तुमचं आपलं काहीतरीच," वेंकूबाई म्हणाल्या. पण रात्री जप करताना त्यांची माळ मध्येच थांबत होती.

तमिळ आडी महिन्यातला, देवीचा शुक्रवार होता. गल्लीत वारा भणभणत होता. सकाळपासून देवळांमध्ये गर्दी. वेंकूबाईंनी पुरण केलं, डांगराची दह्यातली पच्चडी केली, नैवेद्य दाखवला आणि दारात जाऊन हाक मारली, "कार्तिकेया, पान वाढलंय."

तो थिण्णैवर नव्हता. दुचाकीजवळ उभा होता, पाठमोरा. "आज नको, अम्मा."

"उपास आहे का?"

"नाही."

"मग बरं नाही?"

"बरा आहे." त्यानं वळून पाहिलं नाही. "आज माझ्याच्यानं तुमचं जेवण जेववणार नाही. तुम्ही जेवून घ्या. आणि दुपारी... दुपारी देवळात जाऊन या. सरही येऊ देत बरोबर." दुचाकी चालू करून तो निघून गेला.

वेंकूबाई उंबऱ्यात उभ्याच राहिल्या. जन्मभरात कितीक माणसं त्यांच्या पानावरून उठली होती. कोणी नावं ठेवून गेलं, कोणी पेला उचलून नेला. पण ज्याला काही वाईट करायचं असतं तो आधी पोटभर जेवतो, हेच त्यांनी पाहिलं होतं. हा जेवायला नको म्हणत होता. ज्या घरावर हात टाकायचा त्या घरचं अन्न आज पोटात नको, एवढी ज्याला चाड आहे त्यानं नको म्हणण्याचा दुसरा अर्थ काय असणार?

त्या आत आल्या. "अहो, आज ते येणार. वरुणरावांच्या तुळया काढायला."

"तुज कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. तो जेवला नाही."

श्रीनिवासराव थट्टा करायला तोंड उघडत होते, ते तसंच मिटलं. त्यांनी वरुणरावांना फोन लावला. वरुणराव चेन्नईतून जवळजवळ ओरडलेच, "मी कोणाला पाठवलं नाही! घर विकायचं की नाही तेच मी ठरवलं नाही अजून. तो राजगोपाल तेवढा रोज फोन करून डोकं खातो." मी इथूनच तक्रार करतो म्हणाले. मग श्रीनिवासरावांनी पोलीस ठाण्यात फोन लावला. अर्धी माणसं देवळाच्या बंदोबस्ताला गेलेली. फोनवरच्या माणसानं विचारलं, "काय घडलंय, सर?"

"अजून काही घडलं नाही."

"मग मी काय लिहून घेऊ?"

एका माणसानं जेवायला नको म्हटलं, हे कुठल्या कलमात बसतं, ते श्रीनिवासरावांनाही सांगता येईना. "बरं, माणूस मोकळा झाला की पाठवतो," असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

"आता काय करूं? मी काठी घेऊन उभा राहूं?" श्रीनिवासराव म्हणाले. त्यांचा गुडघा जिना चढतानाही ऐकत नसे.

वेंकूबाई देवापुढे जाऊन बसल्या. फार वेळ नाही. उठल्या त्या किल्ली घेऊनच, आणि कोपऱ्यावर शेषम्माकडे गेल्या. "शेषम्मा, वरुणरावांच्या घरी आज हळदीकुंकू आहे. आत्ता. तुझ्या फुलांच्या फेरीत असक्या बायकांना सांगशील?"

शेषम्मानं त्यांच्याकडे पाहिलं, मग त्या बंद घराकडे. ती बाई बाजारात आयुष्य काढलेली. एका शब्दानंही कारण विचारलं नाही. "मोगरा किती पाहिजे?"

"असेल तेवढा दे."

आडीचा शुक्रवार, त्यात मोगऱ्याचा गजरा आणि पुरण. बोलावण्याची खोटी, बायका आल्या. मराठी घरं उरली होती त्यांतल्या आल्या, तमिळ शेजारणी आल्या, शिवणकाम करणारी आली, नव्या लॉजात चादरी धुणाऱ्या दोघी पदराला हात पुसत आल्या. कॉलेजच्या चार मुली गजऱ्याच्या लोभानं आल्या. वरुणरावांच्या मधल्या घरात, त्या मोठ्या तुळईच्या बरोबर खाली, वेंकूबाईंनी सतरंजी घातली. समई लावली. कोणी देवीचं गाणं धरलं, कोणाला सूर सापडला, कोणाला नाही.

"घर विकायचं चाललंय म्हणे?" एकीनं विचारलं.

"विकतील तेव्हा विकतील," वेंकूबाई कुंकू लावत म्हणाल्या. "आज तर देवी बसलीये."

गाणं ऐन रंगात असताना बाहेर लॉरी थांबल्याचा आवाज झाला. पाच-सहा माणसं उतरली. पहारी, दोरखंड, करवती. त्यांतला एक दारात आला, आत पाहिलं आणि पाय चटका बसल्यासारखा मागे घेतला. मग राजगोपाल आला. दारात चपला काढल्या. तेवढी रीत त्याला होती.

"नमस्कार, अम्मा. हे काय हो, बंद घरात? हे घर धोक्याचं आहे. वरचं लाकूड सडलंय. मालकांनीच उतरवायला सांगितलंय."

"मालक फोनवर आहेत," दाराशी उभे असलेले श्रीनिवासराव म्हणाले आणि फोन त्याच्यासमोर धरला. "बोला त्यांच्याशी."

फोनमधून वरुणरावांचा आवाज साऱ्या घराला ऐकू गेला. चेन्नईला राहूनही माणसाचं तंजावूरचं मराठी तिखटच होतं. राजगोपालला भाषा कळली नाही, सूर कळला. तो हसत राहिला.

"बरं, काही गैरसमज झालेला दिसतो. आज शुक्रवार, चांगला दिवस, कशाला उगाच? उद्या येऊ." मग वेंकूबाईंकडे वळून, आवाज खाली आणून म्हणाला, "पण अम्मा, रोज रोज का हळदीकुंकू करणार आहात?"

वेंकूबाईंनी त्याच्या हातावर साखर ठेवली. "माझं सगळं रोजचंच असतं, बाबा."

बायकांमध्ये कोणीतरी खुदकन हसलं. राजगोपालच्या कानाची पाळी लाल झाली. त्यानं चपला घातल्या आणि माणसांना खूण केली. पहारी परत लॉरीत पडू लागल्या.

कार्तिकेय लॉरीच्या मागच्या बाजूला उभा होता. हातात पहार तशीच. वेंकूबाई घराच्या पायऱ्या उतरून त्याच्याजवळ गेल्या. सकाळपासून पोटात घोटभर पाणी तेवढं. 

"तुमचं पान झाकून ठेवलंय."

"अम्मा, मी कोण आहे ते आता तुम्हाला कळलंय."

"कळलंय. न विचारता कळलं. आता ऐका. पोलीस येतील तेव्हा मी जे पाहिलं ते सांगणार. तुमचंही नाव सांगणार. खोटं माझ्याच्यानं बोलवत नाही. पण त्याचा नि पानाचा काही संबंध नाही. पान वाढलं ते वाढलं."

"कार्तिकेय! चढ लवकर," राजगोपालनं पुढून हाक मारली.

कार्तिकेयनं पहार लॉरीत टाकली. पण चढला नाही. "तुम्ही व्हा पुढे. मी जेवून येतो."

"जेवून? गावात हॉटेलं काय कमी आहेत?"

"हॉटेलात पैसे दिले की संपतं, सर," कार्तिकेय म्हणाला.  राजगोपालनं त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि लॉरी हलवायला सांगितली. वळणापाशी ती थोडी थांबली, मग निघून गेली.

वेंकूबाईंच्या स्वयंपाकघरात तो रोजच्या जागी बसला. पुरण गार झालं होतं. आमटी त्यांनी ऊन करून आणली. तो मान खाली घालून जेवायला लागला, तेवढ्यात दारात एक हवालदार उभा राहिला. चेन्नईहून मालकाची तक्रार आली म्हणून त्याला पाठवलं होतं. शेजारच्या घरात चाललेल्या गाण्यानं तो जरा गोंधळलाच होता.

"कोणी जबरदस्तीनं घरात शिरलं, अशी तक्रार आहे. कोण होतं?"

वेंकूबाईंनी पदर सावरला. "राजगोपाल म्हणून दलाल आहेत, ते होते. त्यांची पाच-सहा माणसं होती, पहारी घेऊन. त्यांतले हे एक." त्यांनी पानाकडे बोट केलं नाही, नुसतं तिकडे पाहिलं. "यांचं नाव कार्तिकेय."

कार्तिकेयचा हात पानावर थांबला. हवालदार एक पाऊल पुढे आला.

"थांबा हं जरा," वेंकूबाई म्हणाल्या. "ताकभात राहिलाय त्यांचा."

हवालदार पन्नाशीचा होता, घरी आई असलेला. त्यानं टोपी काढली आणि बाहेर थिण्णैवर जाऊन बसला. श्रीनिवासरावांनी त्याला पाणी नेऊन दिलं.

वेंकूबाईंनी भात वाढला, ताक घातलं, वर लिंबाच्या लोणच्याची फोड ठेवली. कार्तिकेय सावकाश जेवला. पानावर शीत ठेवलं नाही. हात धुऊन आला तेव्हा त्याचे डोळे ओले होते, की तोंडावर पाणी मारलं होतं, कोण जाणे. बाहेर जाऊन तो हवालदारासमोर उभा राहिला.

"आजचं यांनी सांगितलं. टोकाच्या घराचं मी सांगतो. त्या तुळया कोणी काढल्या, कोणाच्या सांगण्यावरून, कुठे विकल्या, सगळं मला ठाऊक आहे. तेव्हा लॉरी मीच चालवत होतो."

"ते सांगितलंस तर तूही अडकशील," हवालदार म्हणाला. "कळतंय ना?"

"कळतंय."

श्रीनिवासराव दाराला टेकून उभे होते.  हवालदारानं कोणाला तरी फोन केला, आणि जीप यायची वाट बघत ते दोघंही थिण्णैवर शेजारी शेजारी बसले. शेजारच्या घरातलं गाणं ऐकू येत होतं. बायकांना उठायची घाई नव्हती. शेषम्माचा सूर सगळ्यांत वर होता आणि सगळ्यांत बेसूर.

"पापनाशमला फोन लावा," वेंकूबाई आतून म्हणाल्या. "नंदिताला कळायला हवं, तिची भिंत आपोआप पडली नव्हती म्हणून."

मग त्यांनी कार्तिकेयचं उष्टं पान उचललं, जागा सारवून घेतली, आणि त्याच जागी आपलं पान मांडलं. दिवस बराच कलला होता. पहिला घास घेण्याआधी त्यांनी डोळे मिटले. बाहेर जीपचा आवाज आला तेव्हा त्यांचा हात क्षणभर थांबला. मग त्या जेवू लागल्या.